झरोक्याखालचा नळ

शुक्रवारी काकांच्या डोक्यावरून तेल ओघळत असायचं. त्या दिवशी ते सकाळीच अंघोळ करायचे, तोंडाला पावडर लावायचे, लग्नाला निघाल्यासारखा काळा कोट चढवायचे आणि दुपारी दारात उभं राहून काडेपेटीतल्या काडीनं दात कोरायचे. एखादा नवखा माणूस विचारायचा, "काय काका, जेवण झकास झालेलं दिसतंय?" काका खूश होऊन मान डोलवायचे. गल्लीतली जुनी माणसं मात्र काही विचारत नसत, उलट आपल्या चहाच्या कपबशा आत सरकवत. काकांचा आज उपास आहे हे सगळ्या गल्लीला त्या तेलावरूनच कळायचं.

काका ख्रिस्ती होते. सोलापुरातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी उभी हयात कंपाउंडर म्हणून घालवली होती. मी बी. ए. करायला गावाकडून आलो तेव्हा ते निवृत्त झाले होते आणि त्यांच्या घराची पुढची खोली मला राहायला मिळाली. येशूनं बायबलमध्ये सांगून ठेवलं आहे, की उपास करताना ढोंगी लोकांसारखं तोंड पाडून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे उपास फक्त देवाला दिसेल. काकांनी ते औषधाच्या चिठ्ठीसारखं वाचलं होतं. चिठ्ठीत लिहिलंय ते द्यायचं, आपली अक्कल चालवायची नाही, ही त्यांची जन्माची सवय.

काकूंचं मत वेगळं होतं. "दर शुक्रवारी माझं तेल संपतं," त्या म्हणायच्या. "उशीचे अभ्रे कुणी धुवायचे, ते मात्र कुठं लिहिलेलं नाही."

माझं गाव करमाळ्याच्या बाजूला. घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिलाच. वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन दारोदार हिंडत होते. काकांच्या दारात ते फेटा काढून उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगं गरीब हाय. लई बोलत न्हाय."

काकांनी मला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "मग अभ्यास काय मनातल्या मनात करणार? मोठ्यांदा वाच. हल्ली सगळं जग हळू बोलायला लागलंय."

जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. माझ्या पिशवीत कमलाभवानीची तसबीर होती. ती ठेवली तर चालेल का, असं मी भीत भीत विचारलं. काका म्हणाले, "ठेव की. फक्त चार लोकांना दाखवायला पूजा करू नकोस. तसं केलंस तर तू परूशी."

हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. परूशी म्हणजे बायबलातले कडक सोवळ्याओवळ्याचे लोक. ते नाक्यावर उभे राहून लांबलचक प्रार्थना करत, दान देताना गाजावाजा करत, घरातल्या पुदिन्याचा न् जिऱ्याचासुद्धा दहावा हिस्सा मोजून देवाला देत, आणि न्याय, दया या गोष्टी मात्र विसरून जात. जिऱ्याची गोष्ट काकांना फार आवडायची. कोपऱ्यावरच्या मल्लप्पाच्या दुकानात जिरं तोलताना दिसलं, की ते एकटेच हसत. काकांच्या तोंडून ऐकून ऐकून परूशी ही गल्लीत शिवीच झाली होती. समोरची नरसम्मा दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्यालाही परूशी म्हणायची.

काकांचा हिशेब साधा होता. तुझं चांगलं काम लोकांनी पाहिलं, वाहवा केली, की तुझा पगार खालीच मिळाला. मग वर गेल्यावर हात हलवत बसायचं. वरचा पगार पाहिजे असेल तर कुणाला दिसता कामा नये. आयुष्यभर त्यांनी हा वरचा पगार जिवापाड सांभाळला होता, आणि तो बुडू नये एवढी एकच काळजी त्यांना होती.

म्हणूनच डाव्या हाताचा प्रकार. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, असं शास्त्रात आहे. काका अजूनही घरात थोडी औषधं बाळगून असत आणि गोरगरिबांना फुकट देत. देताना डावा हात कोटाच्या खिशात घट्ट कोंबून ठेवत. आता पातळ औषध द्यायचं तर एका हातात बाटली लागते आणि दुसऱ्या हातानं बूच काढावं लागतं. काका बूच दातांनी काढायचे. त्यामुळं त्यांच्या प्रत्येक सदऱ्यावर छातीपाशी खोकल्याच्या औषधाचा गुलाबी डाग होता. रस्त्यानं त्यांचा डावा हात खिशात दिसला, की पोरं मागून ओरडायची, "काका कुणाला तरी द्यायला निघाले!" काकांना ते ऐकू जायचं नाही.

ऐकू न येणं हीच सगळ्याची मेख होती. काकांना कमी ऐकू यायचं, हे काका सोडून सगळ्यांना माहीत होतं. ऐकू येत नसल्यामुळं ते स्वतः भयंकर मोठ्यांदा बोलायचे आणि आपण कुजबुजतोय असं समजायचे. चर्चमध्ये खजिनदारसाहेबांची प्रार्थना सुरू झाली, की ती संपता संपायची नाही. काका मध्येच स्वतःशी म्हणायचे, "झालं आता, पुरे." हे 'स्वतःशी' शेवटच्या बाकापर्यंत जायचं.

आणि रोज संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला, की काका कोठीत जायचे. प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लाव, हीदेखील आज्ञाच. घरात दार लागेल अशी जागा म्हणजे ज्वारीची पोती आणि कोळसा ठेवायची अंधारी कोठी. तिथं ते कडी घालून पोत्यावर गुडघे टेकायचे. कोठीला वर एक झरोका होता, आणि झरोक्याच्या बरोब्बर खाली, रस्त्याच्या अंगाला, गल्लीचा सार्वजनिक नळ होता. त्याला पाणी भोंग्याच्याच वेळेला यायचं.

पहिल्या दिवशी मी घागर घेऊन नळावर गेलो. पाच-पंचवीस बायका होत्या, नेहमीसारखा कालवा चालला होता. एकाएकी नरसम्मानं नळ बंद केला. सगळ्या गप्प. मला वाटलं पाणी गेलं. इतक्यात वरून आवाज आला, "हे प्रभू, मी कुणाला सांगत नाही, तुलाच सांगतो..."

अर्धा तास गल्लीचा लेखाजोखा ऐकायला मिळाला. कुणाच्या पोटात दुखतं, कुणाचा नवरा पगाराच्या दिवशी वाटेत थांबतो, कुणाच्या पोराला गणितात गती नाही. लोक काकांना विश्वासानं आपली दुखणी सांगत, आणि काका ती फक्त देवाच्या कानावर घालत. "मल्लप्पा मनानं चांगला आहे," काका वर सांगत होते, "पण त्याची तागडी एका बाजूला कलते. तिला सरळ उभी राहायची बुद्धी दे." मल्लप्पा दुकानात बसून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी दुकानात नवी तागडी आली. काका ती बघून इतके हरखले, की त्यांनी मल्लप्पाला मिठी मारली, आणि डावा हात खिशात घालायला विसरले.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की गल्ली काकांना बिनचूक वापरत होती. सासूला तोंडावर सांगता येत नाही ते सून काकांना सांगायची. भाऊ भावाशी बोलत नसेल तर काकांशी बोलायचा. संध्याकाळी ते झरोक्यातून ज्याच्या त्याच्या कानावर पडायचं, आणि देवाकडं गेलेली तक्रार असल्यामुळं कुणाला भांडताही यायचं नाही. यातलं काकांना काही ठाऊक नव्हतं. ते त्यांना कळू द्यायचं नाही, हा गल्लीचा कायदा होता. काकूही तो पाळत. मी एकदा विचारलं, तुम्ही त्यांना सांगत का नाही? काकू तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "सांगून काय करू? म्हाताऱ्याचा वरचा पगार बुडेल. आणि मला गल्लीतल्या बातम्या कोण सांगणार?"

मी स्वतः त्या झरोक्याचं खाल्लं आहे. दुष्काळाचं साल आलं. आबा खडी फोडायच्या कामावर जाऊ लागले. मी खानावळ सोडली आणि एक वेळ जेवू लागलो, दुसऱ्या वेळेला फुटाणे खायचे. शेवटी गावाकडं परत जायचं ठरवून काकांना सांगायला गेलो. ते ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "गप्प राहा. कुणापाशी बोलू नकोस. मी आत जाऊन सांगतो." त्या संध्याकाळी माझी फुटाण्यांची पुडी साऱ्या नळानं ऐकली. मी घागर तिथंच टाकून खोलीत पळालो आणि लाजेनं पांघरूण घेऊन पडलो.

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर नरसम्माची झाकलेली ताटली. दुपारी मल्लप्पाच्या घरून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. त्यांनी आपसांत वार लावून घेतले होते. मी बी. ए. झालो तो त्या ताटल्यांवर.

त्या पहिल्या दिवशी काका दारात उभे होते. ताटलीकडं बोट दाखवून म्हणाले, "बघितलंस? किती लवकर ऐकलं त्यानं. आणि मी कुणाला सांगितलं होतं?"

"कुणाला नाही, काका."

"कुणाला म्हणजे कुणाला नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहून मी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.

सगळं असंच चाललं असतं, पण एका संध्याकाळी चर्चचे खजिनदारसाहेब गल्लीत आले. बुटांना पॉलिश, हातात काळ्या कातड्याचं बायबल. नळापाशी ते थबकले, कारण नळ बंद होता आणि सगळ्या बायका वर बघत होत्या. नेमके त्याच वेळी काका देवाला सांगत होते, "आमचा खजिनदार काही वाईट माणूस नाही. पण त्याला प्रार्थना आखूड करायला शिकव. तू कंटाळत नसशील, पण इथं लोकांच्या घरी भात करपतो." बायका हसल्या. नरसम्मा तर नळाला धरून हसली. खजिनदारसाहेब आल्या पावली परत गेले.

पुढच्या रविवारी मी काकांबरोबर चर्चला गेलो होतो. गाण्याचा क्रमांक पुकारलेला त्यांना ऐकू येत नसे, म्हणून तो बोटांनी दाखवायला मी अधूनमधून जायचो. उपासना संपल्यावर अंगणात खजिनदारसाहेबांनी सगळ्यांच्या देखत काकांना गाठलं. आवाज मुद्दाम चढा ठेवला, एकही शब्द काकांच्या कानातून निसटू नये म्हणून.

"आम्हाला परूशी म्हणता ना तुम्ही? अहो, परूशी निदान नाक्यावर उभे राहून प्रार्थना करायचे. तुम्ही घरात बसून नाक्यावर ऐकवता. तुमच्या गल्लीला तुमची प्रार्थना तोंडपाठ आहे. विचारा जाऊन."

काका हसले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहत होतो. काकांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्यात कुणी नव्हतं.

घरी आल्यावर काका जेवले नाहीत. काकूंनी मला बाजूला घेऊन काय झालं ते विचारून घेतलं आणि पदर खोचून समोर नरसम्माकडं गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत घराघरांत निरोप पोचला होता.

भोंगा झाला. काका मला म्हणाले, "मी आत जातो. तू नळावर जाऊन उभा राहा. मी काही बोलेन. ऐकू आलं का ते मला खरं सांगायचं. माझा सगळा जन्म आहे त्यात, समजलं? खोटं बोलू नकोस."

मी नळावर गेलो. रविवारी कधी नव्हती एवढी गर्दी. मल्लप्पासुद्धा दुकान उघडं टाकून आला होता. नळ बंद. वर कोठीची कडी लागल्याचा आवाज आला. खरं सांगावं तर माणूस जातो, खोटं सांगावं तर ज्यानं मला कधी खोटं बोलायला शिकवलं नाही त्याच्याशीच खोटं बोलायचं.

झरोक्यातून आवाज आला, "ऐकू येतंय का?"

मी तोंड उघडायच्या आत नरसम्मा कमरेवर हात ठेवून ओरडली, "न्हाय येत!"

"काय बी ऐकू येत न्हाय बगा, काका!" मल्लप्पा म्हणाला. त्याच्यामागून सगळ्या गल्लीनं एका सुरात सांगितलं, "न्हाय!" एक पोरगं म्हणालं, "परत एकदा विचारा!" त्याच्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

बऱ्याच वेळानं कडी निघाली. काका बाहेर रस्त्यावर आले. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. आपण काय करून बसलो ते तोवर आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आम्ही सगळे अगदी प्रामाणिक चेहरे करून उभे होतो. काका म्हणाले, "बरं," आणि आत गेले. काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, त्या रडत होत्या की हसत होत्या ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सोमवारी भोंगा झाला, नळ बंद झाला, पण झरोक्यातून काही आलं नाही. काका आत होते, पण ओठांतल्या ओठांत. मंगळवारीही तसंच. आणि दोन्ही दिवस त्यांच्या डोक्यावरून तेल ओघळत होतं. शुक्रवार नसताना.

गल्ली कावरीबावरी झाली. आणि सगळ्यांत जास्त नरसम्माची सून, सुगुणा. पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते. माहेर कुंभारीला, म्हणजे टांग्यानं जाण्याइतकं जवळ, पण नरसम्मा तिला सोडायला तयार नव्हती. सून गेली तर घरात विड्या कोण वळणार, असं तिचं म्हणणं. सुगुणानं शनिवारी रात्रीच काकांपाशी डोळे पुसले होते. आता ती रोज घागर घेऊन नळावर यायची, वर बघायची आणि भरलेली घागर घेऊन परत जायची. दुसऱ्या कुणी नरसम्माला सांगायची सोय नव्हती. सगळ्या गल्लीचं ती ऐकून घ्यायची, पण फक्त वरून आलेलं.

बुधवारी भोंगा झाला. बायकांनी सवयीनं नळ बंद केला. आणि झरोक्यातून काकांचा नेहमीचा, दणदणीत, पार कोपऱ्यापर्यंत जाणारा आवाज आला.

"हे प्रभू. तुला माहीत आहे, मी जन्मभर दार लावून बसलो, वरचा पगार बुडू नये म्हणून. तो केव्हाच खाली मिळून गेलाय, हे मला आत्ता कळतंय. राहू दे. माझ्या नावावर आता काही धरू नकोस. खजिनदाराचं म्हणणं खरं होतं. मीच परूशी. त्याला माझ्या वतीनं तेवढं सांग. प्रार्थना मात्र त्याची लांबच असते." इथं ते थांबले. "या गल्लीनं रविवारी माझ्यासाठी एका तोंडानं खोटं सांगितलं. तेही त्यांच्या नावावर धरू नकोस. बिचाऱ्यांना सुचलं नाही, की प्रश्न ऐकू आल्याशिवाय उत्तर देता येत नाही."

मल्लप्पा दुकानात उठून उभा राहिला होता. नरसम्माचं तोंड उघडं ते उघडंच.

"आता मुद्द्याचं," काका म्हणाले, आणि आवाज आणखी चढवला. "सुगुणाला पहिल्या बाळंतपणाला आईकडं जायचंय. नरसम्मा मनानं मोठी आहे, तिनंच आमच्या या शिकणाऱ्या पोराला जेवू घातलं. तिला एवढीच आठवण करून दे, की तीही कधीतरी रडत आईकडं गेली असेल. आणि विड्यांचं म्हणशील, तर आमची ही मोकळीच असते. आमेन."

"मोकळी कोण?" आतून काकूंचा आवाज आला. "आणि झाली असेल प्रार्थना तर जेवायला या. तीन दिवस झाले."

नरसम्मानं घागर नळाखाली ठेवली. नळ सोडला. घागर भरून वाहायला लागली तरी ती तशीच उभी होती. मग सुनेकडं न बघता म्हणाली, "उद्या टांगा सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगुणा बोचकं मांडीवर घेऊन टांग्यात बसली. काकू आमच्या ओट्यावर विड्यांचं सूप घेऊन बसल्या होत्या आणि पानं वाकडी कापत होत्या. काका दारात उभे होते. डोकं कोरडं, सदऱ्यावर नवा गुलाबी डाग. टांगा वळणापलीकडं गेला तेव्हा ते माझ्याकडं वळले.

"बघितलंस? ऐकलं त्यानं. आणि मी कुणाला सांगितलं होतं?"

"कुणाला नाही, काका," मी म्हणालो.

काका हसायला लागले. दोन्ही हात खिशातून बाहेर काढून, पोट धरून हसले, आणि समोरच्या ओट्यावरून नरसम्माही हसली, कारण आम्ही काय बोललो ते तिला तिथं स्वच्छ ऐकू गेलं होतं.